तारगुम वाचताना : हिब्रू वचन आणि त्याच्या शेजारचा अरामी अर्थ

हिब्रू शास्त्रातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात इ.स.पू. 701 च्या सुमाराचा एक प्रसंग आहे. अश्शूरच्या राजाचा अधिकारी यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून शहराला धमकावत असतो आणि तेही यहूदी लोकांच्या भाषेत. तेव्हा राजा हिज्कीयाचे कारभारी त्याला विनवतात की, आमच्याशी अरामीत बोलावे, ती भाषा आम्हांला समजते. तटावर बसलेल्या लोकांच्या कानी पडेल अशा यहूदी भाषेत बोलू नये. याचा अर्थ असा, की त्या काळी अरामी ही दरबाराची आणि राजकारणाची भाषा होती आणि सामान्य यहूदी माणसाला ती कळत नव्हती. पुढच्या काही शतकांत हे चित्र नेमके उलटे झाले. बाबेलचा, म्हणजे बाबिलोनियातील, बंदिवास आणि त्यानंतरचे इराणी साम्राज्य, ज्याचा कारभारच अरामीत चालत असे, यांमुळे अरामी घराघरांत शिरली आणि हिब्रू हळूहळू शास्त्राची, प्रार्थनेची आणि विद्वानांची भाषा होऊन बसली. शास्त्र तर हिब्रूतच होते. ते ऐकायला जमलेल्या लोकांना समजावे म्हणून जी अरामी भाषांतरे झाली, त्यांना तारगुम म्हणतात. गेली काही वर्षे माझे वाचन प्रामुख्याने या तारगुमांभोवती चालले आहे आणि त्याविषयी मराठीत सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

या विषयाकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की हे भाषांतर मुळाशी किती प्रामाणिक आहे. माझ्या मते हा प्रश्न तारगुमाला लागूच पडत नाही, कारण मुळाच्या जागी वाचले जाण्यासाठी तारगुम कधी रचलेच गेले नव्हते. ग्रीक भाषांतर अलेक्झांड्रियातील यहूदी लोक मूळ हिब्रू समोर न ठेवता वाचत; अरामी भाषांतराची गोष्ट तशी नव्हती. ते कायम हिब्रू वचनाच्या शेजारी, वचनानंतर आणि वचनाच्या अधीन राहून ऐकवले जात असे. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, की तारगुमाच्या अभ्यासातील अर्धे गैरसमज दूर होतात, आणि अभ्यास कसा करावा हेही त्यातूनच ठरते.

सिनेगॉगमधील, म्हणजे यहूदी प्रार्थनामंदिरातील, वाचनाचे जे नियम मिश्ना हा यहूदी धर्मनियमांचा संग्रह आणि त्यावरील चर्चांचा तालमूद या ग्रंथांत नोंदले गेले आहेत, ते मला या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटतात. तोराची, म्हणजे शास्त्रातील पहिल्या पाच ग्रंथांची, गुंडाळी उघडून वाचक एक हिब्रू वचन वाचतो आणि थांबतो; मग भाषांतर सांगणारा, ज्याला मेतुर्गेमान म्हणत, तेच वचन अरामीत सांगतो. तोरा वाचताना एका वेळी एकाहून अधिक वचन त्याच्यापुढे ठेवायचे नाही, संदेष्ट्यांच्या ग्रंथांत मात्र तीन वचनांपर्यंत मोकळीक आहे. वाचकाने मेतुर्गेमानाला शब्द सुचवायचा नाही, कारण ते भाषांतरही तोरातच लिहिलेले आहे असे लोकांना वाटता कामा नये. मेतुर्गेमानाने आपला आवाज वाचकाच्या आवाजापेक्षा चढवायचा नाही. यरुशलेमी तालमुदात तर एक प्रसंग येतो, की एक माणूस पुस्तकातून पाहून भाषांतर सांगत असल्याचे एका रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मपंडितांनी, पाहिले आणि त्याला तिथेच रोखले. लिखित जे आहे ते लिखितातून आणि मुखाने आलेले ते मुखानेच सांगावे, असा त्यांचा निर्वाळा होता. म्हणजे दोन आवाज, दोन दर्जे आणि दोन स्मृती. ऐकणाऱ्याला कोणत्याही क्षणी कळत असे, की आता जे ऐकू येते आहे ते देवाचे वचन आहे की त्याचा माणसाने सांगितलेला अर्थ. अशा व्यवस्थेत भाषांतरकाराला थोडे अधिक सांगण्याचे स्वातंत्र्य मिळाले यात नवल नाही.

हे स्वातंत्र्य अमर्याद नव्हते. तालमुदातील किद्दुशीन या प्रकरणात रब्बी यहूदा यांचे एक वचन आहे : जो एखाद्या वचनाचे शब्दशः भाषांतर करतो तो खोटे बोलतो, आणि जो त्यात भर घालतो तो देवनिंदा करतो. प्रथम वाचताना या वचनाने भाषांतरकाराचे दोन्ही मार्ग बंद केल्यासारखे वाटते. मध्ययुगीन टीकाकारांनी ते निर्गम 24:10 च्या आधारे उलगडून दाखवले आहे. तेथे हिब्रूत सरळ म्हटले आहे, की वडीलधाऱ्यांनी इस्राएलाच्या देवाला पाहिले. तसेच भाषांतर केले तर ते असत्य ठरते, कारण देव कोणाला दिसत नाही. देवाच्या दूताला पाहिले असे म्हटले तर देवाच्या जागी दुसऱ्याला बसवल्यासारखे होते. ओंकेलोसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तोराच्या तारगुमात तेथे इस्राएलाच्या देवाचे तेज पाहिले असे आहे. देवाविषयी बोलताना त्याचे वचन, त्याचे तेज, त्याचे सान्निध्य असे शब्द मध्ये आणण्याची ही रीत सर्वच तारगुमांत आढळते. मात्र ती यांत्रिकपणे सगळीकडे लावलेली नाही; कित्येक ठिकाणी देवाचा हात, देवाचे डोळे जसेच्या तसे राहिले आहेत. कुठे बदलले आणि कुठे राहू दिले, याच्या नोंदी करत बसणे कंटाळवाणे काम वाटेल, परंतु भाषांतरकाराचे मन तेथेच वाचता येते.

तोराच्या ज्या तारगुमाला सर्वाधिक मान मिळाला ते हे ओंकेलोसाचे. बाबिलोनी तालमुदानुसार धर्मांतर करून यहूदी झालेल्या ओंकेलोसाने ते रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ यांच्या मुखातून ग्रहण करून सांगितले. संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे तारगुम योनाथान बेन उझ्झिएलाच्या नावावर आहे. त्याने ते सांगितले तेव्हा इस्राएलची भूमी चारशे फर्संग लांब आणि चारशे फर्संग रुंद हादरली आणि माझी रहस्ये माणसांपुढे कोणी उघड केली, असे आकाशवाणीने विचारले, अशी कथा आहे. आजचे अभ्यासक या नावांना ऐतिहासिक पुरावा मानत नाहीत. भाषेच्या घडणीवरून ओंकेलोसाचे मूळ पॅलेस्टाइनमधले आणि अखेरचे संस्करण बाबिलोनियातले, असे बहुतेकांचे मत आहे. परंतु भूमी हादरण्याची कथा मला केवळ आख्यायिका म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. शास्त्राचा अर्थ लोकभाषेत सांगणे ही किती गंभीर गोष्ट आहे, याची जाणीव तिच्यात आहे.

प्रत्यक्ष काम करताना मी एका पानावर चार रकाने आखतो : हिब्रू वचन, ओंकेलोस, निओफिती हे पॅलेस्टाइनमधील तारगुम आणि चुकून योनाथानाच्या नावावर गेलेले तोराचे तारगुम, ज्याला अभ्यासक मिथ्या-योनाथान म्हणतात. शब्दांसाठी सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजमधील बृहद् अरामी कोशाचा मोठा आधार आहे; त्यात सर्व तारगुमांचे पाठ शब्दाशब्दाच्या व्याकरणासह संगणकावर पाहता येतात. वचन मुळापासून हलले आहे असे दिसले, की लगेच त्याला भाष्य म्हणायचे नाही, हा पहिला नियम. भाषांतरकारासमोरचा हिब्रू पाठच आजच्या पाठाहून वेगळा होता का, हे आधी पाहावे लागते. मग व्याकरणाची अडचण होती का, ते पाहायचे. या दोन्ही शक्यता संपल्या, की उरलेला फरक शिकवणुकीतून आला आहे असे म्हणता येते. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, या निर्गम 23:19 मधील आज्ञेचे ओंकेलोसाने मांस दुधाबरोबर खाऊ नये असे केले आहे, तेव्हा त्यामागे कोणताही पाठभेद नाही. रब्बींच्या परंपरेत त्या आज्ञेचा जो आचार ठरला होता तोच लोकांना सांगितला आहे.

हे सारे एका जागी पाहायचे असेल तर उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाकडे वळावे. काइन आणि हाबेल यांच्या कथेत आठव्या वचनात हिब्रू पाठ विचित्र रीतीने तुटलेला आहे. काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला, एवढे येते आणि काय म्हणाला ते येतच नाही; पुढचे वाक्य थेट ते शेतात असताना काइनाने त्याला ठार केले, असे सांगते. शोमरोनी पंथाची तोरा, ग्रीक भाषांतर आणि पेशित्ता हे सिरियाक भाषेतील भाषांतर यांत चल, आपण शेतात जाऊ, अशा अर्थाचे शब्द आहेत. ओंकेलोस मात्र ती पोकळी तशीच ठेवतो. काइन म्हणाला, आणि पुढे काही नाही. पाठाशी इतकी निष्ठा ठेवणारा हाच भाषांतरकार दहाव्या वचनात मात्र थांबतो. तेथे हिब्रूत तुझ्या भावाचे रक्त ओरडत आहे असे म्हणताना रक्त हा शब्द अनेकवचनी आहे, आणि ओंकेलोस त्याचा अर्थ देतो : तुझ्या भावापासून जे वंश पुढे जन्माला येणार होते, त्यांच्या रक्ताचा आवाज. एका माणसाला मारणारा त्याच्या सर्व भावी वंशजांना मारतो, ही मिश्नातील सान्हेद्रिन प्रकरणातील शिकवण येथे अगदी मोजक्या शब्दांत आली आहे. जेथे पाठात काही नाही तेथे ओंकेलोस काही घालत नाही. जेथे पाठात एक लहानशी खूण आहे, तेथे ती उलगडतो. ही शिस्त माझ्या मते असामान्य आहे.

पॅलेस्टाइनी तारगुमांनी त्याच पोकळीत एक संपूर्ण संवाद ठेवला आहे. निओफितीत काइन हाबेलाला मोकळ्या रानात घेऊन जातो आणि तेथे म्हणतो, की हे जग दयेने निर्माण झालेले नाही, सत्कर्मांच्या फळाप्रमाणे ते चालत नाही आणि न्यायात पक्षपात होतो. नाहीतर तुझे अर्पण स्वीकारले गेले आणि माझे नाही, असे का झाले? हाबेल उत्तर देतो, की जग दयेने निर्माण झाले आहे आणि माझी कृत्ये तुझ्या कृत्यांहून चांगली होती म्हणून माझे अर्पण स्वीकारले गेले. मग काइन अधिक कठोर बोलतो : न्याय नाही, न्यायाधीश नाही, परलोक नाही, नीतिमानांना प्रतिफळ नाही आणि दुष्टांना शिक्षाही नाही. हाबेल एकेका नाकाराला होकार देत जातो. या गोष्टीवरून ते रानात वाद घालत होते, आणि काइनाने उठून हाबेलाला ठार केले. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जीर्ण ग्रंथ ठेवण्याच्या खोलीत, सापडलेल्या तारगुमांच्या तुकड्यांतही हा वाद आहे.

मला या संवादात सर्वांत लक्षणीय वाटते ते हे, की काइनाचा प्रश्न खोटा ठरवून उडवून लावलेला नाही. मूळ कथेत देवाने एकाचे अर्पण का स्वीकारले आणि दुसऱ्याचे का नाही, याचे स्पष्ट कारण दिलेले नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात हाच प्रश्न येतो. तो प्रश्न पहिल्या खुन्याच्या तोंडी घालण्याचे धैर्य भाषांतरकाराने दाखवले आहे. हाबेलाचे उत्तर बरोबर आहे आणि तरीही तो मरतो. न्याय आहे असे म्हणणाऱ्याला या जगात न्याय मिळत नाही, म्हणूनच परलोकाचा उल्लेख तेथे अपरिहार्य होतो. ज्या काळात यहूदी समाजाने यरुशलेमचे मंदिर इ.स. 70 मध्ये जळताना पाहिले आणि पुढे रोमन सत्तेविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडाचा शेवटही पाहिला, त्या काळातल्या श्रोत्यांना हा वाद केवळ दोन भावांमधला वाटला नसेल असे मला वाटते. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी पंथाविरुद्ध तो रचला गेला, असेही काही अभ्यासकांनी सुचवले आहे. ते शक्य आहे, परंतु त्यावरून रचनेचा काळ ठरवणे मला धोक्याचे वाटते, कारण न्याय नाही असे म्हणणारी माणसे प्रत्येक पिढीत असतात.

निओफिती हे नाव ज्या हस्तलिखितावरून पडले, त्याचा शोधही सांगण्यासारखा आहे. रोममध्ये नवधर्मांतरितांसाठी चालवलेल्या संस्थेच्या संग्रहातून ते 1891 साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आले आणि सूचीत त्याची नोंद ओंकेलोसाचे तारगुम अशीच झाली. ओंकेलोसाच्या प्रती पुष्कळ असल्यामुळे ते उघडून पाहण्याचे कोणाला कारण नव्हते. स्पॅनिश विद्वान आलेहांद्रो दिएथ माचो यांनी ते वाचले आणि तो ओंकेलोस नसून जवळजवळ संपूर्ण असे पॅलेस्टाइनी तारगुम आहे, हे त्यांनी 1956 साली जाहीर केले. तोपर्यंत अशा तारगुमाचे केवळ वेचे आणि गेनिझातील तुकडे ज्ञात होते. पुष्पिकेनुसार, म्हणजे लेखनिकाच्या शेवटच्या नोंदीनुसार, ही प्रत 1504 साली रोममध्ये लिहिली गेली. तिच्या समासांत आणि ओळींच्या मध्ये वेगवेगळ्या हातांनी दुसऱ्या प्रतींतील पाठभेद उतरवून ठेवलेले आहेत, त्यामुळे एका ग्रंथात प्रत्यक्षात अनेक तारगुमांचे अंश सापडतात. दिएथ माचो यांची आवृत्ती 1968 पासून 1979 पर्यंत माद्रिदमध्ये सहा खंडांत निघाली.

या शोधानंतर उत्साहाची एक लाट आली. हीच येशूच्या काळातील गालीलची भाषा आणि हाच त्या काळचा शास्त्रार्थ, असे मानून नव्या करारातील अनेक वचने तारगुमांच्या आधारे उलगडण्याचे प्रयत्न झाले. दिएथ माचो स्वतः आणि त्यांच्याआधी पाउल काले यांनी पॅलेस्टाइनी तारगुमाला ख्रिस्तपूर्व मानले होते. जोसेफ फिट्झमायर यांनी मृत समुद्राकाठी कुम्रान येथे मिळालेल्या अरामी लेखांशी तुलना करून हा दावा तपासला आणि निओफितीची भाषा त्यानंतरची आहे असे दाखवले. मला फिट्झमायर यांची बाजू पटते. सोळाव्या शतकातील प्रतीत जुने काही असू शकते, पण ते जुने आहे हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. मिथ्या-योनाथान तारगुम या बाबतीत चांगला धडा देते. त्यात उत्पत्ती 21:21 येथे इश्माएलाच्या पत्नींची नावे दिली आहेत आणि त्यांतील एक फातिमा, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या कन्येचे नाव, आहे. म्हणजे निदान ते वाक्य इस्लामच्या उदयानंतरचे. त्याच तारगुमात फार प्राचीन वाटणाऱ्या परंपराही आहेत. एका ग्रंथाला एकच वय असते ही समजूतच येथे सोडावी लागते.

लिहिलेले तारगुम खरोखरच प्राचीन असू शकते याचा निर्विवाद पुरावा कुम्रानच्या अकराव्या गुहेत 1956 साली मिळाला. ईयोबाच्या ग्रंथाच्या अरामी भाषांतराची ती गुंडाळी 1971 मध्ये प्रकाशित झाली. तिच्यात सतराव्या अध्यायापासून बेचाळिसाव्या अध्यायापर्यंतचे भाग तुटक स्वरूपात उरले आहेत. हे भाषांतर बरेचसे मुळाला धरून जाते आणि पुढच्या रब्बी परंपरेतील ईयोबाच्या तारगुमाशी त्याचा संबंध दिसत नाही. यामुळे तालमुदातील एका नोंदीला नवे महत्त्व आले. ज्येष्ठ गमलिएल, म्हणजे मंदिर उभे असतानाच्या काळातील नेते, यांच्यासमोर मंदिराच्या टेकडीवर ईयोबाचे एक तारगुम आणले गेले आणि त्यांनी ते गवंड्याला सांगून भिंतीच्या दगडांच्या थराखाली पुरायला लावले, असे शब्बाथ प्रकरणात सांगितले आहे. ते पुरलेले भाषांतर आणि कुम्रानचे भाषांतर एकच, असे म्हणायला काही आधार नाही. परंतु त्या काळात ईयोब अरामीत लिहिलेला होता आणि कोणाला तरी त्याची अडचण वाटत होती, एवढे नक्की.

अरामीचा संबंध आपल्या भूमीशीही आला आहे. कंदाहार येथे मिळालेल्या सम्राट अशोकाच्या एका लेखात प्राकृत वचनाचा एक तुकडा आणि त्यामागोमाग त्याचा अरामी अर्थ, अशी मांडणी आहे. इराणी साम्राज्य संपल्यावरही अरामी त्या प्रांतात वापरात होती, याचा तो पुरावा आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजात विवाहाचा करारनामा आणि कद्दिश ही प्रार्थना अरामीत असते. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या हग्गादाची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत 1846 साली शिळाप्रेसवर छापली गेली आणि दुसरी पुण्यात 1874 साली निघाली. हग्गादात कथेच्या आरंभी जे निमंत्रण येते, आपल्या पूर्वजांनी मिसर देशात खाल्लेली ही दुःखाची भाकर, ज्याला भूक असेल त्याने यावे आणि खावे, ते हिब्रूत नसून अरामीत आहे. भुकेल्याला त्याच्या भाषेत बोलवावे म्हणून ते तसे ठेवले, असे परंपरा सांगते. मुंबईच्या त्या आवृत्तीत त्याच्या शेजारी मराठी आली.

येमेनच्या यहूदी समाजाने तर सिनेगॉगमधील मूळ रीतच विसाव्या शतकापर्यंत टिकवली. तोराचे एक वचन वाचले, की एक मुलगा उभा राहून ओंकेलोसाचे अरामी भाषांतर सुरात म्हणतो. इस्राएलला गेल्यावरही त्यांच्या सभांतून हे चालू आहे. त्यांच्या हस्तलिखितांत हिब्रू वचन आणि तारगुम एकाआड एक लिहिलेले असतात, आणि अक्षरांच्या वर स्वरचिन्हे देण्याची बाबिलोनी पद्धत त्यांत जपली गेली असल्यामुळे ओंकेलोसाचा उच्चार ठरवण्यासाठी त्यांचाच आधार घ्यावा लागतो. आलेक्झांडर श्पेर्बर यांची ओंकेलोसाची आवृत्ती अशाच हस्तलिखितांवर उभी आहे. इतरत्र सार्वजनिक वाचनातून तारगुम गेले तरी आठवड्याचा तोरापाठ दोनदा हिब्रूत आणि एकदा तारगुमात वाचावा, हा तालमुदातील बेराखोथ प्रकरणाचा नियम धर्मनिष्ठ घरांत अजून पाळला जातो. आता अरामी कोणाला कळत नाही आणि तरीही ते वाचले जाते. समजावे म्हणून जन्मलेल्या भाषांतरालाच समजावून सांगण्याची वेळ आली आणि त्यावर मध्ययुगापासून टीका लिहिल्या गेल्या.

सध्या मी ज्या वचनांवर काम करतो आहे, ती भाषांतर न करण्याची वचने आहेत. मिश्नातील मेगिल्ला प्रकरणात अशी यादी दिली आहे : रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी केलेला व्यभिचार वाचावा पण त्याचे भाषांतर सांगू नये, सोन्याच्या वासराच्या कथेतील अहरोनाच्या तोंडचा दुसरा वृत्तान्त वाचावा पण सांगू नये. पूर्वजांची लाज लोकभाषेत उघड्यावर येऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. याच नियमांत याजकांचा आशीर्वादही येतो. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो, अशी सुरुवात असलेल्या गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील त्या तीन वचनांत लाजिरवाणे काहीच नाही. परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे उचलो, या शेवटच्या वचनातून देव पक्षपात करतो असा अर्थ कोणी काढू नये म्हणून भाषांतर टाळले, असे तालमुदाचे स्पष्टीकरण आहे. काइनाने रानात केलेला आरोपही नेमका पक्षपाताचाच होता, त्यामुळे या दोन जागा एकत्र वाचायला हव्यात असे मला वाटते. निओफितीच्या लेखनिकाने आधीची आणि नंतरची वचने अरामीत दिली आहेत, आणि मध्ये हा आशीर्वाद हिब्रूतच लिहिला आहे.